बाईंच्या गाण्यातले मोकळे फ्लॅश

मी पदवीधर झालो तो आमच्या चौथीच्या बाईंमुळे. हे मी आजवर पुष्कळ ठिकाणी सांगितलं आहे. नोकरीच्या मुलाखतीत सांगितलं, लग्न ठरवायला आलेल्या पाहुण्यांना सांगितलं, शिक्षकांच्या निरोपसमारंभात तर कुणी न विचारता सांगितलं. त्याच बाईंचं गाणं माझ्या हातून मोडलं, हे मात्र त्यांतल्या एकाही ठिकाणी सांगितलं नाही.

आमचं गाव विट्यापासून थोडं आत. वडील गवंड्याच्या हाताखाली काम करत. आमच्या भागात पोरगं हाताशी आलं की कुणाच्या तरी ओळखीनं परमुलखात गलाईच्या दुकानावर जायचं. जुनं सोनं आटवून शुद्ध करायचं ते काम. दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात माझे चुलते तमिळनाडूतून मला न्यायलाच आले होते. तिकीट काढलेलं होतं. पत्र्याची नवी पेटीही आणली होती. दुपारी उन्हाची छत्री घेऊन बाई आमच्या दारात आल्या.

वडील म्हणाले, "आवं बाई, आमच्यात कोण शिकलंय? ह्यो शिकून काय कलेक्टर हुणार हाय व्हय?"

"नाही झाला कलेक्टर तर गलाई कुठं पळून जातीय? एक वर्ष मला द्या."

"आन् नापास झाला तर?"

"तर मी स्वतः त्याला गाडीत बसवून देईन."

चुलते पुढं सरकले. "पर बाई, त्येचं तिकीट काढलंय न्हवं. वाया जाईल की."

"मग तुम्ही दोन जागांवर ऐसपैस झोपून जा," बाई म्हणाल्या. वडील हसले. बाईंनी ते हसणं पकडलं आणि तिथंच माझा सांगलीच्या कॉलेजचा फॉर्म काढून वडिलांचा अंगठा घेतला. पेटी माझ्याबरोबर सांगलीला आली, पुस्तकं ठेवायला.

सांगलीत राहण्याची सोयही बाईंनीच केली. त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा मार्केट यार्डाच्या रस्त्याला फोटो स्टुडिओ होता. सकाळी कॉलेज, दुपारनंतर स्टुडिओ, रात्री स्टुडिओच्याच मागच्या खोलीत झोपायचं. पहिली दोन वर्षं मी पडदे ओढले आणि खुर्च्या पुसल्या. पुढं मालकांनी कॅमेरा हातात दिला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला येईपर्यंत मी एकट्यानं लग्नं काढत होतो.

मालक माणूस उमदा, पण धंद्यात मुरलेला. त्यांनी मला पहिल्याच लग्नसराईत मोकळा फ्लॅश शिकवला. रोलमध्ये फोटो छत्तीस. लग्नात स्टेजवर चढणारी माणसं तीनशे. प्रत्येकाला वाटतं आपला फोटो निघावा. मग करायचं काय, तर नवरानवरीजवळ माणूस उभा राहिला की कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि कॅमेऱ्याचं बटण न दाबता फ्लॅशच्या पाठीमागं जे तपासणीचं छोटं बटण असतं ते अंगठ्यानं दाबायचं. लख्ख उजेड पडतो. फोटो निघत नाही. माणूस खूश होऊन जेवायला जातो.

"माणसाला फोटो नको असतो गड्या," मालक म्हणायचे, "त्येला फ्लॅश पायजे असतो. अंगावर उजेड पडला की मान मिळाला. अल्बममदी कोण बघतंय?"

मला हे पहिल्यांदा फसवणूक वाटलं. नंतर सवय झाली. नंतर तर मी त्यात पटाईत झालो. एखाद्या मामंजींना दोन मोकळे फ्लॅश जास्त मारले की ते मंडपभर माझ्या पाठीवर हात ठेवून फिरायचे. खरं सांगायचं तर फ्लॅश म्हणजे मान हे मलाही पटून गेलं होतं. आमच्या घरात कुणाच्या अंगावर तो उजेड पडलेला नव्हता. आईवडिलांच्या लग्नाचा एकही फोटो नाही.

त्या सुमारास बाई निवृत्त होऊन सांगलीत स्वतःच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. यजमान बरीच वर्षं आधी गेले होते, मूलबाळ नव्हतं. दर रविवारी मी त्यांच्याकडे पोहे खायला जायचो. तिथं मला कळलं की बाई गातात. शाळेत त्या कविता चालीवर म्हणायच्या तेवढंच आम्हाला ठाऊक. पण गेली वीस वर्षं दर शनिवारी शाळा सुटल्यावर एसटीनं मिरजेला जायचं, तिथं एका उस्तादांकडे शिकायचं आणि शेवटच्या गाडीनं परत यायचं, हे त्यांचं चाललेलं होतं. गावात कुणाला पत्ता नव्हता. आम्हाला वाटायचं बाईंची बहीण मिरजेला असते.

उस्तादांच्या घरचा धंदा तंबोरे आणि सतारी बनवण्याचा. भोपळा घासता घासता ते शिकवायचे. बाईंचा तंबोरा त्यांनीच बनवलेला. एकदा मी बाईंना विचारलं, गाण्यात माणसं मधेच एकदम मान का हलवतात? त्यांनी माझा तळवा उलटा करून त्यावर बोटानं ठेका मोजला. "सगळीकडं फिरून ज्या ठिकाणी परत यायचं असतं, ती ही जागा. तिला सम म्हणायचं. तबलेवाला आणि गाणारा, दोघांनी एकाच क्षणी तिथं पोचायचं." मी मान हलवली. काही कळलं नव्हतं.

मग एका रविवारी बाई पोहे समोर ठेवून बसल्या आणि त्यांनी एक बातमी सांगितली. सांगलीतल्या एका संगीतप्रेमी मंडळानं त्यांना सकाळच्या मैफलीला गायला बोलावलं होतं. उस्तादांनीच शब्द टाकला होता. वीस वर्षांत पहिल्यांदा चार लोकांसमोर.

"साठी आली की रे," त्या म्हणाल्या. "आता पाय लटपटतील."

"तुमचे? माझ्या चुलत्यांसमोर नाही लटपटले."

त्या हसल्या. मग त्यांनी भिंतीकडं बोट केलं. भिंतीवर तीन फोटो होते. त्यांच्या लग्नाचा, यजमानांचा हार घातलेला, आणि शाळेच्या सगळ्या शिक्षकांचा ओळीत बसलेला. त्यांच्या शेजारी नवा खिळा ठोकलेला होता.

"तू फोटो काढशील ना? गातानाचा एक पाहिजे. एकच. बाकी काही नको मला त्या कार्यक्रमातलं."

मंडळानं आमच्याच स्टुडिओला काम दिलं तेव्हा मला वाटलं, देवानंच योग आणला. बाईंनी माझ्यासाठी जे केलं त्याच्यापुढं फोटो म्हणजे काहीच नाही, पण माझ्या हातात तेवढंच होतं. मी मनाशी ठरवलं की त्या दिवशी त्या सभागृहात बाईंवर इतका उजेड पाडायचा की लोकांना कळलं पाहिजे हे माणूस कोण आहे.

मालकांनी एकच रोल दिला. "सत्काराचे सगळे घे. गाण्याचे एकदोन बास. गाताना काय, तोंडंच वाकडी दिसत्यात."

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता, सकाळी नऊला. पूर्वेकडच्या उंच खिडक्यांच्या मळक्या काचांतून फिकं ऊन मंचावर आलेलं. शंभर-सव्वाशे माणसं. पहिल्या रांगेत पांढऱ्या टोपीतले उस्ताद, दोन्ही हात काठीवर. मंचावर गादी, तबला, पेटी आणि बाईंच्या मागं तंबोरा घेतलेली त्यांची भाची.

आधी सत्कार सुरू झाले. प्रमुख पाहुण्यांचा, अध्यक्षांचा, हॉल देणाऱ्यांचा, हार आणणाऱ्यांचा. मंडळाचे सेक्रेटरी हळदीचे व्यापारी होते, अंगानं भरलेले, उत्साही. नारळ देताना ते माझ्याकडं बघून थांबायचे, फ्लॅश पडल्याशिवाय नारळ सोडायचेच नाहीत. एका पाहुण्यानं तर नारळ ओढून घेतला. बाईंच्या सत्काराला शाल, नारळ, मग समितीसकट, मग समितीच्या घरच्या बायकांसकट. मी कॅमेऱ्यावरचा आकडा पाहिला. पस्तीस. एकच फोटो उरला होता.

तो मी बाईंसाठी राखला. गाणं रंगात आलं की घ्यायचा, असं ठरवून मी मंचाच्या कडेला बसलो.

बाईंनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. मला गाण्यातलं कळत नव्हतं, आजही फार कळतं असं नाही. पण चौथीच्या वर्गात फळ्याजवळ उभ्या असायच्या त्या या नव्हत्या. आवाज थोडा थरथरत सुरू झाला आणि हळूहळू जमिनीवर बसल्यासारखा स्थिर झाला. तबला अगदी सावकाश चालत होता. सगळं फिरून त्या एका जागी पोचल्या, उस्तादांनी काठीवरचं बोट उचललं, आणि मागच्या दोनतीन रांगांतल्या माना एकदम हलल्या. तेव्हा मला सम कळली.

तेवढ्यात कुणीतरी माझ्या पाठीत बोट खुपसलं. सेक्रेटरी होते.

"अवो फोटोग्राफर, झोपलाय काय? फ्लॅश न्हाई, काय न्हाई."

"घेतो ना. मोका बघतोय."

"मोका कसला? पाव्हण्यांना वाटायचं, मंडळानं फोटोग्राफरच सांगितला न्हाई. बाई काय परक्या हायत व्हय? पाडा की उजेड!"

रोल संपत आलाय हे सांगायची मला लाज वाटली. आणि खरंच, सत्काराला एवढे फ्लॅश आणि बाई गाताना एकही नाही, हे मलाही बरं दिसेना. मी मंचावर चढलो, गुडघ्यावर चालत बाईंपासून चारपाच फुटांवर गेलो, कॅमेरा डोळ्याला लावला आणि अंगठ्यानं मागचं बटण दाबलं.

पहिल्या उजेडाला बाईंच्या मिटलेल्या पापण्या आणखी घट्ट झाल्या. गाणं चालू राहिलं.

आमचा फ्लॅश जुना होता. एकदा उडाला की परत भरायला वेळ घ्यायचा आणि भरताना बारीक शीळ घालायचा. आधी खालच्या आवाजात, मग चढत चढत अगदी वर, आणि मग लाल दिवा लागायचा. लग्नात बँडच्या आवाजात ती शीळ ऐकू यायची नाही. इथंही मला ती ऐकू येत असूनसुद्धा आली नाही. मी दिव्याकडं बघत होतो. दिवा लागला की दाबायचं.

दुसरा. तिसरा. सेक्रेटरी खालून अंगठा दाखवत होते. चौथ्या वेळेला बाईंनी डोळे उघडले. नेमक्या तेव्हाच त्या समेकडं येत होत्या आणि तबलेवाल्याकडं बघायला वळल्या होत्या. उजेड सरळ डोळ्यांत गेला. तोंडातला शब्द अर्ध्यावर तुटला, सम निघून गेली. तबलेवाल्यानं सावरून घेतलं, बाईंनी पुढच्या फेऱ्यात परत धरलं. उस्तादांचं बोट काठीवर तसंच राहिलं.

मला वाटलं, दम घेतला असेल. मी आणखी मारले. किती ते आठवत नाही, सगळे मिळून सात असतील, आठ असतील. कौतुकानं मारले. प्रत्येक वेळी मनात म्हणत होतो, बाई, हा तुमच्यासाठी.

आणि बाई थांबल्या.

ओळीच्या मधेच थांबल्या. तबला दोन मात्रा पुढं गेला आणि तोही थांबला. भाचीला कळलं नाही, ती बोटं फिरवत राहिली, त्यामुळं नुसता तंबोरा वाजत होता. बाईंनी समोर पाहिलं, दोन्ही हात जोडले आणि माइकमध्ये शांतपणे म्हणाल्या, "क्षमा करा. इतकंच जमलं."

माझं बोट सवयीनं खरं बटण दाबून गेलं. फ्लॅश भरलेला नव्हता, उजेड पडला नाही. नुसतं खट् झालं. त्या शांततेत तो आवाज सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

मी गुडघ्यावर होतो तसाच राहिलो. उठायचं कसं हे काही क्षण मला आठवेना. काय झालं हे मला कळत होतं आणि ते मी केलं हे कळत नव्हतं. सेक्रेटरींनी माइक घेतला. "बाईंना जरा दम लागलेला आहे. वयोमान. आपण चहापान करून घेऊ." लोक उठले, खुर्च्या सरकल्या.

खाली उतरलो तर समोर उस्ताद. त्यांनी माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. रागावले नाहीत. अगदी हळू विचारलं, "लग्नाला आलतास काय रं?"

आणि काठी टेकत चहाच्या बाजूला न जाता दाराकडं गेले.

बाई शेजारच्या वर्गात होत्या. पोरांच्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर सत्काराची शाल, हातात पाण्याचा पेला. फळ्यावर शनिवारची बेरीज तशीच होती. मला दारात बघून म्हणाल्या, "ये. घाबरलास का?"

मी बाकाजवळ जाऊन उभा राहिलो.

"अरे, तो उजेड नाही रे," त्या म्हणाल्या. मुलाला गणित समजावून सांगावं तसं सांगत होत्या. "उजेडाचं काय, एकदा सोडलं तर डोळे मिटलेले होते. त्याच्या आधीची ती शीळ. ती षड्जाच्या खालून निघते आणि चढत जाते, तंबोऱ्याला घासत. ती वर पोचली की उजेड. परत शीळ, परत उजेड. दोन-तीनदा झाल्यावर माझा कानच तिकडं लागला. समेची वाट बघायच्या ऐवजी मी त्याची वाट बघायला लागले. मग कसलं गाणं."

"बाई, मी..."

"राहू दे. गाणं राहिलं ते राहिलं." पेला बाकावर ठेवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "शेवटचा तरी आला असेल बघ."

मी होय म्हणून बाहेर पडलो.

रोल धुवून आला. पस्तीस फोटो नारळांचे आणि शालींचे. छत्तिसावा लॅबवाल्यानं छापलाच नव्हता, पाकिटावर 'कोरा' असं लिहून दिलं होतं. मी निगेटिव्ह उजेडाला धरून पाहिली. तांबूस काच असावी तशी दिसली. मी पाकीट बंद केलं.

मालकांना सांगितलं. ते सत्काराचे फोटो अल्बममध्ये लावत होते. "सांग, रोल काढताना शेवटच्या फोटोंना उजेड लागला, ते गेले. सगळ्या सांगलीत हेच सांगत्यात. कोण काय म्हणत न्हाई."

मी रविवारी जाऊन बाईंना हेच सांगितलं. घोकून गेलो होतो, एका दमात सांगितलं. त्या कढईत पोहे परतत होत्या.

"उजेड लागला का," त्या म्हणाल्या आणि उलथनं कढईत तसंच धरून थांबल्या.

"हो. शेवटच्या सगळ्यांना."

त्यांनी कढई उतरवली. मग "बरं" म्हणाल्या आणि बशी भरून माझ्या हातात दिली. खोबरं नेहमीपेक्षा जास्त घातलं होतं.

त्या उन्हाळ्यात मी पास झालो. आमच्या घराण्यातला पहिला. बाईंनी पेढे स्वतः आणून स्टुडिओत वाटले. पुढं साताऱ्याला एका हायस्कुलात कारकुनाची जागा मिळाली आणि मी सांगली सोडली. दिवाळीला आणि मे महिन्यात बाईंकडं जायचो. त्यांच्या तंबोऱ्यावर आता कापडी गवसणी चढवलेली असायची. मंडळानं पुढच्या वर्षी परत विचारलं होतं, त्यांनी वयाचं कारण सांगितलं. भिंतीवरच्या त्या चौथ्या खिळ्याला बाजाराची पिशवी अडकवलेली असायची. मी तिकडं बघायचं टाळायचो. मनाची समजूत घालायचो की बाईंना वाईट वाटलं, पण फोटोंचं तरी त्यांना खरं वाटलं. निदान तेवढं तरी झाकलं गेलं.

तीन वर्षांनी आमच्या साताऱ्याच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. दुपारची वेळ, मैदानात मंडप. आमच्या शाळेचे एक शिपाई होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते बासरी सुंदर वाजवायचे. मुलांनी आग्रह करून त्यांना मंचावर बसवलं. मी खाली पायरीजवळ उभा होतो. गावातला फोटोग्राफर मामांच्या अगदी तोंडासमोर बसून फ्लॅश मारत होता. शीळ, उजेड. शीळ, उजेड. मला हसू आलं. धंद्यातला माणूस धंद्यातला माणूस ओळखतो. म्हटलं, पठ्ठ्या मोकळे मारतोय.

वाजवून झाल्यावर मामा पायरी उतरून माझ्याजवळ आले, बासरी पुसत.

"सायब, त्या फोटूवाल्याला पैसं देताना जरा बघून द्या. त्येच्या मशिनीत रोल न्हाई."

"तुम्हाला कसं कळलं?"

"नुसता दिवा लावतंय बेणं. खट् कुठं वाजतंय? शाळंचं फोटू काडताना खट् वाजतंय न्हवं?"

"मामा, तुम्ही तर वाजवत होता. डोळे मिटून."

"आवं, डोळं मिटल्यालं. कान काय मिटत्यात व्हय? वाजिवताना तर लय लांबचं ऐकू येतंय."

मामा हसत हसत चहाकडं गेले. मी मंडपाचा खांब धरला.

बाईंना शीळ कोणत्या सुरातून निघते ते ऐकू आलं होतं. चार फुटांवरून. मग खट् न वाजलेलं ऐकू आलं नसेल? एकदा नाही, सात-आठ वेळा. आणि शेवटी एकदाच वाजलेलं? शाळेच्या त्या बाकावर बसून त्या म्हणाल्या होत्या, शेवटचा तरी आला असेल बघ. शेवटचा तरी. मी ते बोलण्यातलं एक बोलणं समजलो होतो. त्यांना त्याच दिवशी, मंचावरच, सगळं माहीत होतं. गाणं ज्या फ्लॅशांनी मोडलं त्यांत एकही फोटो नव्हता हे माहीत होतं. तरी त्यांनी रविवारपर्यंत वाट पाहिली, आणि रविवारी मी घोकलेलं खोटं त्यांच्या तोंडावर म्हणून दाखवलं, आणि त्यांनी पोह्यांवर जास्त खोबरं घातलं.

स्नेहसंमेलनात पुढं काय झालं ते मला आठवत नाही.

खोलीवर येऊन मी चुलत्यांनी आणलेली ती पत्र्याची पेटी उघडली. तळाला पाकीट होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्यातल्या एका लॅबवाल्याकडं गेलो आणि म्हटलं, हा छत्तिसावा छापून द्या. तो म्हणाला, "कोरा आहे साहेब." मी म्हटलं, कोरा तर कोरा, पण छापा. दोन वेळा परत पाठवला. तिसऱ्यांदा त्यानं बराच वेळ यंत्राशी झटून एक कागद माझ्यापुढं टाकला. काळपट, तांबूस, वाळू पसरल्यासारखा. पण होता. खिडकीचं ऊन गालाच्या एका बाजूवर होतं, जोडलेले हात होते, आणि मागं तंबोऱ्याच्या तारांवर भाचीची बोटं हललेली होती. फ्लॅश पडला नव्हता म्हणूनच ते ऊन दिसत होतं. खोलीवर आणून मी तो टेबलावर ठेवला आणि पत्र लिहायला बसलो. चार कागद फाडले. पाचवा पाठवला, तो असा:

ती. बाईंच्या चरणी शि. सा. नमस्कार वि. वि.

सोबत एक फोटो पाठवत आहे. हा तुमच्या गाण्याच्या दिवशीचा आहे. शेवटच्या फोटोंना उजेड लागला असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं होतं. उजेड लागला नव्हता. तुम्ही गात असताना मी जेवढे फ्लॅश मारले त्यांतल्या एकातही फोटो नव्हता. रोलमध्ये एकच जागा उरली होती आणि ती मी राखून ठेवली होती. बाकीचे नुसते उजेड होते. लग्नात माणसांना खूश करायला मारतात तसे.

तुम्हाला हे त्याच वेळी कळलं होतं, हे मला काल कळलं. आमच्या शाळेच्या शिपाईमामांनी मी न विचारताच मला शिकवलं. तीन वर्षं मी तुमच्या घरी येऊन पोहे खात होतो आणि तुम्ही मला काही विचारलं नाही. मी कालपासून एवढंच आठवतोय की तुम्ही "उजेड लागला का" असं म्हणाला होता आणि थांबला होता. ती माझी जागा होती. मी ती चुकवली.

तुम्हाला मान मिळावा म्हणून मी ते केलं. सेक्रेटरींनी सांगितलं म्हणून केलं असं लिहिलं होतं, तो कागद फाडला. त्यांनी एकदा सांगितलं. बाकीचे मी माझ्या मनानं मारले.

फोटो चांगला नाही. अंधारा आहे. तुम्हाला गातानाचा पाहिजे होता, हा थांबल्यानंतरचा आहे. तुम्ही जे मागितलं होतं ते हे नव्हे. पण त्या दिवशी माझ्या कॅमेऱ्यात तुमचा खरा असा हा एवढाच आला. लावायचा की फाडायचा ते तुम्ही ठरवा. खिळ्यावरची पिशवी तशीच राहिली तरी माझी तक्रार नाही.

वडिलांना मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगेन. तुम्ही एक वर्ष मागून घेतलं होतं, त्यांना कळायला हवं की त्याचं मी असंही काही केलं.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. दार उघडायचं नसेल तर उघडू नका, मी मिरजेला उस्तादांकडं जाईन. त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. दार उघडलंत तर एकच मागणं आहे. गवसणी काढा आणि खिडकीजवळ बसून थोडं गा. मी भिंतीला टेकून बसेन. कॅमेरा आणणार नाही.

तुमचा विद्यार्थी